आतल्या पडद्यावर

लग्नसराई जवळ आली हे आमच्या शेलूबाजारात मला कॅलेंडर पाहून कळत नाही, नाकाला कळतं. दुकानादुकानांतून कूलर बाहेर निघतात. वर्षभर माळ्यावर पडलेले त्यांचे पत्रे नळीने धुतले जातात, गवताच्या कुजलेल्या पाट्या काढून नव्या बसवल्या जातात, आणि त्यांच्यावर पहिलं पाणी सुटलं की ओल्या गवताचा वास सगळ्या रस्त्यावर पसरतो. लोक तो वास छाती भरून घेतात. मला त्या वासाबरोबर एक बाई आठवते आणि माझा दिवस खराब होतो. यंदाही झाला.

आमचं दुकान हायवेला लागून आहे, जीपवाले मंगरूळ, कारंजा, वाशिम अशा हाका मारत उभे असतात त्याच्या अगदी समोर. पुढं फोटो स्टुडिओ, मागं मिक्सिंग. आमचे हे कॅमेरा घेऊन मांडवामांडवातून फिरतात आणि मी दुकानात बसून त्यांनी आणलेल्या ढिगाऱ्यातून लग्न तयार करते. तयार करते हाच शब्द बरोबर आहे. मांडवात नुसता घाम असतो, रुसवेफुगवे असतात, वरणात मीठ जास्त झालेलं असतं आणि नवरदेवाचे मित्र नाचता नाचता एकमेकांच्या अंगावर पडत असतात. पुढं जन्मभर जे गोड, हळुवार, सनईत भिजलेलं लग्न पाहिलं जातं, ते माझ्या टेबलावर लागतं.

इंझोरीला माहेरी होते तोवर मला वाटायचं, माणसं मुळात चांगली असतात, वेळ वाईट असते. मिक्सिंगला बसले आणि ही समजूत पहिल्याच उन्हाळ्यात गेली. कुणाला नवरी गोरी करून हवी असते. कुणाला ज्या साडूने आहेर नीट केला नाही तो पंगतीतून उडवून हवा असतो. एका आईने स्वतःच्या मोठ्या लेकीला सगळ्या फिल्मभर मागं ढकलायला लावलं होतं, कारण ती धाकटीपेक्षा देखणी होती आणि पाहणाऱ्याचं लक्ष तिकडं जात होतं. मी सगळ्यांचं ऐकते. माणसाच्या मनात काय काय साठलेलं असतं ते पाहण्यात एक मजा असते, उगाच साळसूदपणा कशाला दाखवू?

त्या बाईची गोष्ट घडली त्या साली कॉम्प्युटरचा बाहेरचा पडदा नवा होता. त्याआधी गिऱ्हाईक आत घुसायचं आणि माझ्या मानेमागं उभं राहून बोट नाचवायचं. पडद्यावर बोटांचे ठसे, मानेवर खर्ऱ्याचा, सुपारी-तंबाखूचा वास. शेवटी मी ह्यांना सांगितलं की एक तर मला दुसरा पडदा आणून द्या नाहीतर दुसरी बायको शोधा. ह्यांना पडदा स्वस्त वाटला असावा. काउंटरवर, बाहेरच्या बाकड्याकडे तोंड करून एक मॉनिटर बसला. अडचण एवढीच होती की कॉम्प्युटरच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला एकच पडदा झेपायचा. मग ह्यांनी अकोल्याहून कुणाचं तरी वापरलेलं दुसरं कार्ड आणलं आणि पहिल्याच्या खाली ठोकून बसवलं. कंपनी वेगळी, चाल वेगळी. जाणत्यांनी सांगितलं होतं की एका डब्यात दोन वेगळ्या घरची कार्डं भांडतात. ह्यांनी ऐकलं नाही. म्हणे, एका घरात दोन जावा राहतात, मग दोन कार्डं काहून नाही राहणार? हे बोलणाऱ्या माणसाला स्वतःला कधी जाऊ नव्हती.

कार्डं खरोखरच जावांसारखी राहिली. आतल्या पडद्यावर माणसं फिकी, निळसर दिसायची, बाहेरच्यावर तीच माणसं पिवळी, तांबूस. गिऱ्हाइकाला बाहेरचं आवडायचं, कारण सगळे हळद लावल्यासारखे दिसायचे. खालच्या कार्डाची गरम हवा वरच्याच्या अंगावर जायची आणि वरचं धापा टाकायचं. त्यावर ह्यांनी जो उपाय काढला तो फक्त वऱ्हाडातलाच माणूस काढू जाणे. उन्हाळ्यात आमच्याकडे कशालाही एकच औषध, कूलर. तापलेला माणूस कूलरपुढं बसवतात, बाळंतीण बसवतात, बैठकीत मयताला आलेले लोक बसवतात. ह्यांनी सीपीयूचं झाकण काढलं आणि तो उघडा डबा कूलरच्या तोंडासमोर ठेवला. गार ओली हवा त्याच्या पोटात शिरायला लागली. हात लावून पाहत हे म्हणाले, पाहा, कसं शांत झालं.

काम मात्र सोपं झालं, हे मान्य करायला हवं. माझ्यासमोर मी कॅमेऱ्यातला कच्चा माल उघडायची. जांभया, शिव्या, नाक शिंकरणं, सगळं. त्यातून निवडून, धुऊन, सनई लावून जे व्हायचं तेवढंच बाहेरच्या पडद्यावर जायचं. डबा एक, पण आत एक लग्न चालू आणि बाहेर दुसरं. बाकड्यावर बसलेली माणसं बाहेरचं लग्न पाहून डोळे टिपायची, आणि त्याच घटकेला मी आत त्यांनाच वरमायेच्या पोळीवरून भांडताना पाहत असायची. त्या उन्हाळ्यात मी पुष्कळ हसले. दात दाखवून नाही, आतल्या आत.

त्या बाकड्यावर गिऱ्हाइकाखेरीज बाजाराचे लोकही येऊन बसायचे, कूलरच्या उरल्यासुरल्या हवेसाठी. पंचफुलाबाई त्यांतली एक. गावाबाहेर नाल्याकाठी तिचा भाजीचा तुकडा होता. वांगी, पालक, भेदरे म्हणजे टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर असं घेऊन ती बाजाराला यायची, टोपलं रिकामं झालं की बाकड्याच्या टोकाला बसायची. पदर कपाळापर्यंत, पाय भेगाळलेले, हाताला सांभाराचा वास. बोलायची नाही. तिला मी उठवत नव्हते त्याला दया हे कारण नव्हतं. जाताना ती काउंटरवर मूठभर सांभार ठेवून जायची, आणि उन्हाळ्यात सांभार किती मोलाचा असतो ते ज्याच्या घरी रोज भाजी होते त्याला माहीत.

तिचा नवरा मयुरी लहान असतानाच गेला होता. मयुरी तिची एकुलती एक लेक. त्या हंगामात मयुरीचं लग्न झालं, केनवडला दिली, आणि फिल्म आमच्याकडे आली. कन्यादान अर्थात चुलता-चुलतीने केलं. मुलीच्या आईने विधवा असल्यावर कुठं थांबायचं हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, ते सगळ्यांना पाठ असतं. आतल्या खोलीत थांबायचं. पोळ्यांचं पाहायचं, भांड्यांवर नजर ठेवायची, आणि मांडवात वाजंत्री वाजली की समजायचं, लागलं. ज्या पोरीला एकटीने ओढून मोठी केली, तिचं लग्न वाजंत्रीवरून समजून घ्यायचं. हे सगळं हसतमुखाने पार पाडणाऱ्या भल्या माणसांना आमच्या गावात कमी नाही.

पंचफुलाबाई आता बाजाराच्या दिवशी यायची ती थेट माझ्याकडे पाहत. लागली का, एवढंच विचारायची. माझी लेक टीव्हीत लागली का, असा त्याचा अर्थ. मी कधी कधी तुकडा लावून द्यायची. मयुरी हळदीला बसलेली, मयुरी हार घालताना. ती बाहेरच्या पिवळ्या पडद्याकडे बघत राहायची, आणि मला कळत होतं की लेकीबरोबर ती आणखी एक माणूस शोधते आहे. पाहुण्यांच्या गर्दीत, खांबांच्या मधून, कडेकडेने. स्वतःला शोधत होती ती. मी पाहिलेलं होतं ती कुठं आहे. पण तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

एका दुपारी फिल्म पाहायला मयुरीचा चुलता नामदेव आला आणि त्याच्याबरोबर केनवडहून नवरदेवाची आत्या. ही आत्या म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द. बाकड्यावर मधोमध ती, शेजारी चुलता, आणि टोकाला रिकामं टोपलं पायाशी घेऊन पंचफुलाबाई. विहीणबाई बसलेली आहे हे आत्याला दिसलं होतं, पण बाकड्यापाशी टोपलंही होतंच, असा तिचा चेहरा होता.

हळद झाली, वरात झाली, आणि मंगलाष्टकांना सुरुवात होणार तोच लाईन गेली. आमच्याकडे ती जातेच. परत आली तेव्हा मी कॉम्प्युटर सुरू केला, फिल्म उघडली आणि कूलरमध्ये बादली ओतायला गेले. दोन वेगळी कार्डं असली की एक खोड असते. मध्येच वीज जाऊन आली की कधी कधी डबा गोंधळतो आणि पडद्यांचे नंबर उलटे लावतो. आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. मला ते माहीत होतं, पण हात ओले होते, तोंडाने आत्याबाईंना चहा विचारत होते, आणि मी न बघता सुरू केलं.

बाहेरच्या पडद्यावर कच्चा माल गेला. ह्यांनी एक कॅमेरा मांडवाच्या खांबाला बांधून ठेवलेला होता, त्याचं ते चित्र. पुढं अंतरपाट, नवरानवरी, भटजी. मागं दोन कनातींच्या फटीत पाण्याची टाकी, आणि टाकीआड पंचफुलाबाई. खोलीतून निघून ती तिथवर आली होती. एक मूठ घट्ट आवळलेली. शेवटचं सावधान झालं, सगळ्या मांडवाने अक्षता फेकल्या, आणि तिचीही मूठ उघडली. तिच्या अक्षता स्टेजच्या आसपासही पोचल्या नाहीत. टाकीच्या झाकणावरच पडल्या. पण तिने टाकल्या होत्या.

मी बादली ठेवून धावले तोवर आत्याने पाहिलं होतं. तिने मला ते पुन्हा दाखवायला लावलं. मी दाखवलं. गिऱ्हाईक सांगेल ते दाखवायचं हा माझा धंदा.

"ह्या बाईनं अक्षता टाकल्या?" आत्याने चुलत्याला विचारलं. शेजारी बसलेल्या बाईविषयी ती असं विचारत होती की जणू ती बाई मंगरूळला असावी.

नामदेव कान लाल करून वळला. वहिनी, तुम्हाला खोलीत राहायला सांगितलं होतं ना, असं काहीसं पुटपुटला. पंचफुलाबाईने टोपल्याचा काठ धरला होता. ती म्हणाली, "हातात होत्या. सुटल्या."

मग आत्याने जे काढलं ते मी इथं सगळं लिहीत नाही. आवाज चढवला नाही तिने. अशा बायका आवाज चढवत नाहीत. लग्नानंतर लगेच नवरदेव गाडीवरून घसरला होता, गुडघा फुटला होता. आता त्याचं कारण तिला सापडलं. पाहुणेरावळे ही फिल्म पाहतील आणि त्यात हे दिसेल, तर आम्ही तोंड कुठं लपवायचं, असं ती म्हणाली. ही बाई ह्यात कुठंही दिसता कामा नये. दिसली, तर पोरीला माहेरी धाडायचं नाव कुणी काढू नये. हे सगळं समोर बघत, पिवळ्या पडद्याकडे.

नामदेव म्हणाला, कापून टाका. मी सांगितलं की कापता येत नाही, मंगलाष्टकं नीट आलेला तो एकच कॅमेरा आहे. आणि ती तेवढ्याच ठिकाणी नव्हती. जेवणावळीत होती, पाठवणीला होती, कुठं अर्धी, कुठं पाठमोरी. आता मला माझ्या कामातलं बोलायला मिळालं होतं आणि मी बोलले. कापता आलं नाही तर झाकता येतं. माणूस आहे त्या जागेवर एखादं चित्र ठेवायचं आणि माणूस हलेल तसं ते हलवायचं. मोर आहे, समई आहे, फुलदाणी आहे, कलश आहे. दुकानदार साड्यांचे रंग सांगतो तसं मी सांगत होते, आणि जिला झाकायचं होतं ती हातभर अंतरावर बसून ऐकत होती.

आत्या म्हणाली, कलश ठेवा. कलश शुभ असतो.

कुणी काही बोलायच्या आत पंचफुलाबाईच माझ्याकडे बघून म्हणाली, "झाका बाई मले. पोरीले बोल नको लागाले." उठली, टोपलं कमरेला लावलं, आणि त्या दिवशी तिने ठेवलेला सांभार रोजच्यापेक्षा जास्त होता. मला तिचा राग आला. आत्याचा यायला हवा होता, तो आला नाही, हिचाच आला. एवढं गिळणारी माणसं असतात म्हणून तर आत्या जन्माला येतात.

मी झाकायला बसले. पितळी कलश, त्यावर आंब्याची पानं, त्यावर नारळ, कडेने चमचमणारी किरणं. अशी चित्रं आमच्याकडे ढिगाने असतात. कलश जागेवर नुसता ठेवून भागत नाही, बोटाने थोडं थोडं सरकवत न्यावा लागतो, नाहीतर मागून पदर डोकावतो, कोपर बाहेर येतं. ती वाकली की कलश वाकवायचा. ती चालली की कलश चालवायचा. पाठवणीत तिने पदराने डोळे पुसले, तेव्हा हात वर गेला म्हणून कलशही वर न्यावा लागला, नाहीतर बांगडी नसलेलं मनगट दिसत होतं. हातातलं काम मी चोख करते. पाहणाऱ्याला वाटावं की शोभेसाठी एक कलश हळूहळू तरंगतो आहे.

पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा बाकड्यावर कुणी नव्हतं. ऊन असं की जीपवालेही ओरडायचे थांबलेले. ती बसली नाही. काउंटरच्या फळीपाशी उभी राहून म्हणाली की एकदा पाहू दे. फळी उचलून मी तिला आत घेतलं. का घेतलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी कुणाला आत घेत नसे.

दोन्ही पडदे एकाच वेळी दिसतील अशी जागा माझ्या खुर्चीमागंच होती. बाहेरचा मी तिच्याकडे जरा वळवला. आत टाकीआड पंचफुलाबाई, फिकी, निळसर. बाहेर त्याच जागी कलश, पिवळाधमक. मी सुरू केलं. आत तिची मूठ उघडली, बाहेर कलश किंचित पुढं झुकला. तिने स्वतःला चालताबोलताना कधी पाहिलंच नव्हतं. पहिलं वाक्य तिच्या तोंडून निघालं ते अगदीच भलतं.

"एवढी म्हातारी झालो का मी?"

मग म्हणाली, लुगडं बरं दिसते. पाठवणी आली. आत ती डोळे पुसत होती, बाहेर कलश वर चढत होता, आणि माझ्यामागं उभी असलेली तिसरी मात्र डोळे पुसत नव्हती. ती दोन्हीकडे आळीपाळीने बघत होती, वांगी निवडावी तशी.

"दोनी एकाच डब्ब्यातून निंगते न?"

मी म्हटलं, हाव, डब्बा एकच आहे, पण कार्डं दोन आहेत. झाकण उघडंच होतं, मी बोट दाखवलं. हे वरचं आतल्या पडद्याचं, हे खालचं बाहेरच्याचं. तिने वाकून पाहिलं. कूलरचा वारा तिच्या पदरात भरला. देवळात गाभाऱ्याबाहेरून वाकतात तशी ती वाकली होती, हात न लावता.

"मंग बाहेर कलश राहू दे," ती म्हणाली. "अन् ह्या आतल्यावर मले राहू दे."

मी म्हटलं, राहू देतो मावशी. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. दारात दुसऱ्या लग्नाचे लोक येत होते आणि मला तिला बाहेर काढायचं होतं.

फिल्म गेली. केनवडला पसंत पडली. कलशाचं तर कौतुक झालं म्हणे, कोणत्या दुकानात केलं असं विचारत आणखी गिऱ्हाइकं आली. हंगाम संपला की मागचा कच्चा माल आम्ही उडवतो, सगळेच उडवतात, नाहीतर पुढची लग्नं कुठं ठेवायची? तोही गेला. आणि पाऊस लागायच्या सुमाराला आतला पडदा एके दिवशी रेघा मारून काळा झाला. ह्यांनी वरचं कार्ड ओढून काढलं. त्याच्या खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांवर हिरवा थर चढलेला होता, पितळी भांडं कळकतं तसा. कूलरने माणूस गार होतो, यंत्र ओलं होतं. हे जरा वेळ हिरमुसले, मग कार्ड खणात टाकलं आणि पुढच्या उन्हाळ्यात एकच मोठं कार्ड आलं, ज्याला हवे तितके पडदे जोडता येतात. आता सगळीकडे एकसारखे रंग दिसतात आणि वीज गेली तरी आतलं बाहेर येत नाही. धंद्याला हे बरं आहे.

पंचफुलाबाई त्यानंतरही यायची. विचारायची मात्र काही नाही. मयुरीला माहेरी धाडत होते, पण मोजून मापून, सणाला येऊन संध्याकाळी परत. आत्याने शब्द पाळला होता, तिच्या परीने. मागच्या थंडीत पंचफुलाबाई गेली. साध्या तापाचं निमित्त. बाजारात मला सांभार विकणाऱ्या दुसऱ्या बाईने सांगितलं, सुटे पैसे परत करता करता.

आणि यंदा, कूलरला नुकतं पाणी सोडलं होतं तेव्हा, मयुरी आली. एकटी. अंगाने भरलेली, हातात पिशवी, कपाळावर ठळक टिकली. मी तिला दुकानात कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा चेहरा मला तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त पाठ होता. महिनाभर तो मी गोरा करत बसले होते. तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. लग्नाची फिल्म भरून दिलेला, आमच्या दुकानाचं नाव छापलेला.

मला वाटलं काही बिघडलं असेल. तसं नव्हतं. तिने जे सांगितलं ते असं की आईचे फोटो आहेत, आधार कार्डावरचा आहे, त्यात ती चोरासारखी दिसते, मोबाईलमध्येही आहेत एखाददुसरे. पण हालती माय नाही. म्हणून ती घरी आपल्या लग्नाची फिल्म लावते. सासरच्यांना वाटतं, हौस आहे पोरीला. ती कलश पाहते. तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. पोरींना कळतं.

"पाठवणीत कलश वर जाते, ताई," ती म्हणाली. "तवा माय डोये पुसून राह्यली होती न?"

मी हो म्हटलं.

"अन् पंगतीत डोलते थो?"

तेव्हा ती पोळ्यांची परात उचलत होती, मी सांगितलं. मला सगळं आठवत होतं. तिला त्याचं नवल वाटलं नाही.

मग ती जे मागायला आली होती ते तिने मागितलं. आई तिला सांगायची म्हणे, बाहेरच्या टीव्हीत कलश हाये, पण आतल्यात मी हावो, बाईनं राहू देलं मले. "थे आतल्यावर लावता का?"

माझ्या टेबलावर आता तीन पडदे आहेत. मी पेनड्राइव्ह लावला आणि तिला आत घेतलं, तिच्या आईला जिथं उभं केलं होतं तिथंच. तिन्ही पडद्यांवर कलश आला. एकाच रंगाचा, एकाच वेळी झुकणारा. ती मधल्या पडद्याकडे टक लावून राहिली, संपेपर्यंत, शेवटी आमच्या दुकानाचं नाव येऊन जाईपर्यंत. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तिला आशेवर ठेवणं सोपं होतं. शोधते, कळवते, म्हटलं की माणूस जातं. पण मी तिला सगळं धडधडीत सांगितलं. कच्चा माल केव्हाच उडाला. तो कुठंच नाही. तो आतला पडदा ज्या कार्डावर चालायचा ते कूलरच्या पाण्याने खराब झालं, आणि ते चालू असतं तरी त्यात काही नसतं, कार्ड साठवत नाही, नुसतं दाखवतं. तुझ्या आईला मी राहू देतो म्हटलं ते बोलण्यापुरतं. तिला ते कळलं नाही.

मयुरीने सगळं ऐकलं. रडली नाही, तिच्या आईची लेक ती.

"थे कार्ड हाये का?"

खणात, जुन्या चार्जरांच्या आणि तुटक्या माऊसांच्या खाली ते सापडलं. पंख्यात धूळ, दातांवर हिरवा थर. मी तिच्यासमोर ठेवलं आणि परत सांगितलं की ह्यात काही नाही, मयुरी, भंगारवालाही घेत नाही हे.

तिने ते दोन्ही हातांनी उचललं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

"दाखवलं तं यानंच न?" ती म्हणाली. "मायले माय यानंच दाखवली न?"

मी मान हलवली.

तिने पिशवी उघडली. आत पाण्याची बाटली होती, गारव्याने बाहेरून ओली झालेली. ती तिने काढली, पिशवीचा तळ पदराने पुसला आणि कार्ड आत ठेवलं. मग थांबून विचारलं, "याले पाणी चालत नाही न, ताई?"

मी म्हटलं, आता काय व्हायचं राहिलं त्याचं.

ती बरं म्हणाली आणि निघाली. रस्ता ओलांडून वाशिमच्या जीपमध्ये बसली, पिशवी मांडीवर घेतली. जीप भरेपर्यंत बराच वेळ गेला, शेजारणीने सरकून जागाही करून दिली, तरी बाटली तिने पिशवीत ठेवली नाही. जीप हलली तेव्हाही ती तिच्या हातातच होती.